वेगवान भिंगाचे आरंभीचे दोष आणि अजिंठ्याच्या छायाचित्रांची साधनचिकित्सा

जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर, सातमाळ्याच्या रांगेत, वाघूर नदीच्या वळणावर अजिंठ्याची लेणी आहेत. लेणी निजामाच्या राज्यात असली तरी त्या नदीचे पाणी खानदेशात उतरून तापीला मिळते, आणि लेण्यांच्या आधुनिक अभ्यासाचा मार्गही बराचसा खानदेशातूनच गेला आहे. येथील भित्तिचित्रांच्या प्रती करण्याच्या कामावर मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल यांची १८४४ मध्ये नेमणूक झाली. त्यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या तैलप्रती लंडनला पाठविण्यात आल्या. परंतु ३० डिसेंबर १८६६ रोजी सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत त्यांपैकी बहुतेक नष्ट झाल्या. त्यापूर्वीच गिल छायाचित्रणाकडे वळले होते, आणि त्यांच्या ७४ छायाचित्रांचा, फर्ग्युसनच्या विवेचनासह सिद्ध झालेला ग्रंथ १८६४ मध्ये प्रसिद्ध झाला होता. एप्रिल १८७९ मध्ये गिल वारले. त्यांची कबर भुसावळ येथे आहे.

येथे सहजच एक प्रश्न उपस्थित होतो. ज्या माणसाच्या रंगप्रती जळाल्या, त्याच माणसाची छायाचित्रे शिल्लक असताना ती हानी भरून का निघाली नाही? या छायाचित्रांचा भर स्थापत्यावर आहे. दर्शनी भाग, स्तंभ, चैत्यगृहे त्यांत उत्तम दिसतात, भिंतीवरील चित्रे मात्र नाहीत. यात छायाचित्रकाराची उदासीनता शोधणे अन्यायाचे होईल. कारण बऱ्याच अंशी त्या काळच्या उपकरणात, विशेषतः भिंगात आहे.

१८३९ मध्ये दागेरच्या पद्धतीची घोषणा झाली तेव्हा तिच्याबरोबर वापरले जाणारे शेव्हालिए यांचे भिंग अतिशय मंद होते. त्याचे छिद्र नाभ्यंतराच्या सुमारे पंधराव्या हिश्श्याएवढेच असल्याने भर उन्हातही काच अनेक मिनिटे उघडी ठेवावी लागे, व माणसाचे चित्र घेणे जवळजवळ अशक्य होई. व्हिएन्ना विद्यापीठातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये चार काचांच्या एका नव्या भिंगाचे गणित सिद्ध केले. या प्रचंड आकडेमोडीसाठी आर्चड्यूक लुडविग यांनी तोफखान्यातील गणनाकुशल सैनिक त्यांच्या दिमतीस दिले होते. या भिंगाचे छिद्र नाभ्यंतराच्या १/३.६ इतके मोठे होते. म्हणजे जुन्या भिंगाच्या सुमारे सतरापट प्रकाश त्यातून येई. व्हिएन्नातील फोइग्टलेंडर या पेढीने ते घडविले, आणि व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय त्याच्या बळावर युरोपभर उभा राहिला.

तथापि, गणिताने सिद्ध झालेली वस्तू आणि कारखान्यातून बाहेर पडलेली वस्तू यांत अंतर असते. पहिली अडचण काचेची होती. मोठ्या छिद्राच्या भिंगाला निर्दोष काच लागते. परंतु गिनाँ व फ्राउनहोफर यांच्या प्रयत्नांनंतरही शिरा व बुडबुडे नसलेली काच दुर्मीळच होती. शिवाय पितळी नळीत चारही काचांचे अक्ष एका रेषेत बसविणे हे निव्वळ हातकौशल्याचे काम होते. छिद्र जितके मोठे, तितकी अशी लहानशी चूकही प्रतिमेत अधिक उमटते. त्यामुळे एकाच आराखड्याची दोन भिंगे सारखेच काम देतील असा भरवसा नव्हता. त्यातच ऑस्ट्रियाबाहेर या रचनेला कायद्याचे संरक्षण नसल्याने पॅरिस व इतरत्र तिच्या बऱ्यावाईट नकला निघू लागल्या. पेट्झवाल व फोइग्टलेंडर यांच्यात १८४५ मध्ये वितुष्ट आले ते कायमचेच.

दुसरी अडचण सूक्ष्म होती. डोळ्याला पिवळा प्रकाश अधिक जाणवतो, तर तत्कालीन रासायनिक लेप निळ्या व जांभळ्या प्रकाशानेच बदलत असे. भिंगात या दोन प्रकाशांच्या नाभी एकत्र आणलेल्या नसतील, तर घासलेल्या काचेवर रेखीव दिसणारी प्रतिमा प्रत्यक्ष पट्टिकेवर अस्पष्ट उमटे. आरंभीच्या अनेक भिंगांत हा दोष होता. लंडनमधील क्लोदे यांनी १८४० च्या दशकात त्याचा कसून अभ्यास करून तो मोजण्याचे साधनही तयार केले. तिसरा दोष रचनेतच होता. या भिंगाची प्रतिमा सपाट पृष्ठावर न पडता खोलगट पृष्ठावर पडे. म्हणून मध्यभाग स्पष्ट व कडा धूसर येत. चेहरा मध्यभागी असल्यामुळे व्यक्तिचित्रात हा दोष खपून गेला, इतकेच नव्हे तर तो गुणही मानला गेला. भिंतीच्या बाबतीत मात्र तो अक्षम्य होता.

अजिंठ्याची अडचण आता स्पष्ट होते. १८५१ नंतर रूढ झालेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत लेप सुकण्यापूर्वीच प्रकाशन व विकासन उरकावे लागे. खानदेशच्या उष्ण हवेत हा अवधी आणखी आखूड होतो. विहारांच्या आतील भिंतींवर प्रकाश अगदी बेताचा पोहोचतो. मंद भिंग लावावे तर पुरेसा प्रकाश मिळण्याआधीच काच सुकावी. वेगवान भिंग लावावे तर मधला तुकडा तेवढा स्पष्ट यावा आणि उरलेले चित्र विरून जावे. दोन्हींचा मेळ घालणारे, सपाट प्रतिमा देणारे भिंग येना येथील नव्या काचेमुळे १८९० च्या सुमारास शक्य झाले.

भिंगाच्या दोषात लेपाच्या दोषाची भर पडे. अजिंठ्याच्या चित्रांत गेरू व पिवळी माती यांचे प्राबल्य आहे, आणि ओल्या काचेला लाल-पिवळा रंग जवळजवळ दिसतच नसे. तो काळा उमटे, तर निळा रंग पांढुरका होई. फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजकांच्या साहाय्याने लेपाची ग्रहणशक्ती वाढविण्याचा मार्ग दाखविला. पण १८७२ मध्ये ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह पुन्हा प्रती करण्यास आरंभ केला तो रंग व कुंचला घेऊनच. त्या प्रतींपैकीही अनेक १८८५ मध्ये लंडनमधील आगीत जळाल्या.

हा केवळ यंत्रविद्येचा इतिहास नव्हे. चित्रांची झीज केव्हा व कोणामुळे झाली, या वादात जुनी छायाचित्रे साक्षीदार म्हणून उभी केली जातात. कडेचा धूसरपणा हा भिंतीचा की भिंगाचा, काळा डाग हा धुराचा की गेरूचा, हे ठरविल्याशिवाय ती साक्ष ग्राह्य धरता येत नाही. १९२० ते १९२२ या काळात इटालियन तज्ज्ञ चेक्कोनी व त्यांचे सहकारी ओर्सिनी यांनी दिलेला लाखेचा लेप पुढे पिवळसर पडला. पिवळेपणा निळा प्रकाश गिळतो; म्हणून त्या लेपाच्या आधीची व नंतरची छायाचित्रे शेजारी ठेवून केलेली तुलना, पट्टिकेचा प्रकार न पाहता केली तर, निश्चितच फसवी ठरेल. अशा तुलनेतून एखाद्याच्या माथी नासधुशीचा दोष मारणे सोपे असते, पुसणे कठीण.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे दिवंगत झालेल्या इतिहासाचार्य राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्याच शहरात उभे आहे. कागद, शाई, अक्षराचे वळण व मायना तपासल्याखेरीज पत्राला पुरावा म्हणू नये, ही शिस्त मराठी इतिहाससंशोधनात त्यांच्या पिढीने रुजविली. छायाचित्रालाही हीच शिस्त लागू केली पाहिजे. भिंग हे त्याचे वळण होय, आणि लेप ही त्याची शाई होय. ही दोन्ही वाचता आली, तरच गिल यांच्या छायाचित्रांतून जे मिळण्याजोगे आहे ते मिळेल, आणि जे त्यांत कधी नव्हतेच त्याचा शोध थांबेल.