आपत्कालांतील शौचसाहित्य व त्याची वांटणी

गोदावरीच्या पुराचें मान नाशिककर दुतोंड्या मारुतीवरून काढितात. पाणी गुडघ्यास लागलें, कमरेस लागलें, छातीस लागलें, अशा भाषेंत शहराला वर्दी पोंचते. त्याशिवाय नारोशंकराची घंटा व सरकारवाड्याच्या पायऱ्या ह्याही खुणा आहेत. १९६९, २००८, २०१६ व २०१९ ह्या सालांचे पूर असेच देहाच्या व दगडाच्या मापानें आठवले जातात. पाण्याची उंची अशी राखली गेली. परंतु पाणी ओसरल्यावर कोणास काय मिळालें ह्याची खूण कोठेंही कोरलेली नाहीं. प्रस्तुत लेखीं आम्ही त्यांतील एकाच बाबीचा विचार करणार आहों: हात, अंग व वस्त्र शुद्ध ठेवण्याचें साहित्य, आणि त्याची न्याय्य वांटणी.

विषय क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाहीं. पुराचें पाणी गटारांचा मळ घेऊन घरांत शिरतें व चिखल मागें ठेवून जातें. अन्नछत्र पहिल्याच दिवशीं उभें राहतें. परंतु ज्या हातानें तें अन्न खावयाचें तो हात धुण्यास स्वच्छ पाणी व साबण नसेल, तर अतिसार व पटकी ह्यांस वाट मोकळी होते. स्त्रियांची अडचण तर बोलूनही दाखविली जात नाहीं. ऋतुकालीं लागणारें कापड भिजलेलें असतें, तें धुण्यास आडोसा नसतो व वाळविण्यास ऊन नसतें.

प्राचीन ग्रंथांकडे पाहतां दोन निराळ्या परंपरा दिसतात. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत दैवी आपत्तींची गणना आठ केली असून तींत अग्नीच्या पाठोपाठ जलाचें नांव आहे. नदीकांठच्या लोकांनीं वर्षाकाळीं रात्रीं तीर सोडून राहावें, लांकडें, वेळू व नावा जवळ बाळगाव्या, बुडणाऱ्यास भोपळे, चामड्याच्या पिशव्या इत्यादि साधनांनीं तारावें, आणि साधन असून जो धांवून जाणार नाहीं त्यास बारा पण दंड करावा, असें तो सांगतो. येथें आपत्ति आहे व राजाची जबाबदारी आहे. शौचसाहित्य मात्र नाहीं. उलट मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत शौचसाहित्य अत्यंत बारकाईनें येतें. रेशीम व लोंकर ह्यांस खारी माती, नेपाळी कांबळ्यांस रिठे, तलम पट्टवस्त्रांस बेलफळ, क्षौमवस्त्रांस पांढरी मोहरी! (आज साबण म्हटला कीं सगळें आटोपतें.) देहशुद्धीसाठीं मातीच्या लेपांची संख्याही तेथें ठरविलेली आहे: गृहस्थास जितके, त्याच्या दुप्पट ब्रह्मचाऱ्यास, तिप्पट वानप्रस्थास, चौपट यतीस. पुढील स्मृतिकारांनीं रात्रीं, प्रवासांत व आजारांत हें मान कमी केलें, आणि पराशरानें तर देशभंग, प्रवास व व्याधि ह्यांत आधीं देह राखावा, धर्म मागाहून आचरावा, असा स्पष्ट निर्णय दिला.

माणशीं प्रमाण ठरविण्याची कल्पना आपणांस नवी नव्हे, एवढें यावरून म्हणतां येईल. पण तें प्रमाण आश्रमावरून ठरे, गरजेवरून नव्हे. शिवाय तें पुरविण्याचा भार कोणावरच नव्हता. माती नदीकांठीं फुकट मिळे, आणि पाणी मिळेच असें गृहीत धरलेलें होतें. हें गृहीत सर्वांच्या बाबतींत खरें नव्हतें. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें केलें, तरी तेथील पाण्यास हात लावण्यासाठीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. आणि त्या स्पर्शानंतर तळें ‘शुद्ध’ करण्यास १०८ घागरींतून पंचगव्य ओतण्यांत आलें. उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ सालीं लागला. खुद्द नाशकास काळारामाच्या दाराशीं २ मार्च १९३० रोजीं सुरू झालेला सत्याग्रह पुढें कित्येक वर्षें चालला. सुकाळीं ज्यास पाणवठा बंद, त्यास आपत्कालीं तो आपोआप उघडेल असें मानणें भाबडेपणाचें होय.

अलीकडील नियम या दृष्टीनें तपासण्यासारखे आहेत. १९९७ सालीं सुरू झालेल्या ‘स्फिअर’ ह्या आंतरराष्ट्रीय उपक्रमानें माणशीं दरमहा २५० ग्रॅम अंगाचा व २०० ग्रॅम कपड्यांचा साबण असें मान घातलें. आपल्याकडे २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या बाराव्या कलमानें निवारा, अन्न, पाणी व वैद्यकीय मदत ह्यांबरोबर स्वच्छतेचेंही किमान मान ठरविण्याचा आदेश दिला, आणि २०१६ च्या राष्ट्रीय निकषांत तीस माणसांमागें एक शौचकूप, स्त्रियांस स्वतंत्र सोय व ऋतुकालीन साहित्य हीं आलीं.

परंतु २०१५ ते २०२० ह्या काळांतील केंद्राच्या मदतनिधीचे निकष पाहावे. त्यांत कपड्यांसाठीं १,८०० व भांड्यांसाठीं २,००० रुपये, तेही कुटुंबामागें. दोन माणसांच्या घरास व नऊ माणसांच्या घरास एकच रक्कम. ह्यास समान म्हणतां येईल, न्याय्य म्हणतां येणार नाहीं. शिवाय घर वाहून गेलेलें वा पूर्ण पडलेलें नसेल, तर तें दोन दिवसांहून अधिक काळ पाण्याखालीं राहिलेलें असावें, अशी अट होती. ही अट कृष्णा-पंचगंगेच्या संथ पुरास शोभते. नाशिकची गोदावरी झपाट्यानें चढते व बहुधा तशीच उतरते. तिच्या कांठची झोंपडी एका रात्रींत चिखलानें भरते आणि दुसऱ्या सायंकाळीं कोरडी दिसते. तेथील बाईच्या घरांतला साबण, कापड व पाण्याचा माठ गेलेलाच असतो. दिवसांच्या मापांत मात्र ती बसत नाहीं. आमच्या मतें शौचसाहित्याची मदत तरी ह्या अटीपासून वेगळी काढून माणशीं द्यावयास हवी, व ती घराचा पंचनामा होण्यापूर्वींच हातीं पडली पाहिजे.

ह्या विषयाची जुनी बाजू मात्र मोठ्या अंशीं संग्राहकांच्या रुमालांतच आहे. ज्यांच्या संग्रहीं नाशिक, पंचवटी, त्र्यंबक येथील देवस्थानांच्या वा सावकारी पेढ्यांच्या कीर्दी असतील, त्यांनीं पूर, अवर्षण किंवा जरीमरीच्या सालांचे धर्मादाय खर्च पाहावे. आणि धान्यापुढें रिठे, शिकेकाई, चुना, धडुतीं असें कांहीं पडलेलें आढळल्यास, तें कोणास व किती दिलें ह्या तपशिलासह उतरून घेऊन मंडळाकडे धाडावें.