वर्डप्रेस : अनुदिनीची देखभाल व आवृत्तीबदल

वर्डप्रेस : अनुदिनी (ब्लॉग) व संकेतस्थळे चालवण्यासाठी वापरली जाणारी मुक्त आशय-व्यवस्थापन प्रणाली. मिशेल व्हाल्ड्रिगी याच्या ‘बी-टू’ या आज्ञावलीचे काम थंडावल्यावर तिच्याच पायावर मॅट मुलेनवेग व माइक लिटल यांनी ती उभारली. पहिली आवृत्ती (०.७) २७ मे २००३ रोजी निघाली. भाषा पीएचपी, परवाना जीपीएल. लेख व प्रतिक्रिया मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी विदागारात (डेटाबेस) राहतात. मे २००४ मध्ये मूव्हेबल टाइप या दुसऱ्या अनुदिनी-आज्ञावलीने परवान्याच्या अटी बदलल्या, तेव्हा तिकडचे बरेच लेखक इकडे वळले. प्रमुख आवृत्त्यांना जॅझ कलावंतांची नावे देण्याचा प्रघात आहे.

घडण : ‘डब्ल्यूपी-अॅडमिन’ व ‘डब्ल्यूपी-इन्क्लूड्स’ हे फोल्डर प्रणालीचे, आवृत्ती बदलताना ते सरसकट बदलले जातात. ‘डब्ल्यूपी-कंटेंट’ (थीम, प्लगइन, चित्रे) आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिग’ ही फाइल अनुदिनीच्या मालकाची; त्या वेळी त्यांना हात लावायचा नसतो. प्रणालीच्या फायलींत थेट केलेली दुरुस्ती पुढच्या आवृत्तीबरोबर पुसली जाते.

आवृत्तीबदल : सुरुवातीच्या काळात हे काम हाताने करावे लागे. विदागाराचा बॅकअप घ्यायचा, प्लगइन बंद करायचे, एफटीपीने नव्या फायली चढवायच्या आणि शेवटी विदागाराची रचना अद्ययावत करणारे पान उघडायचे. २.७ (डिसेंबर २००८) पासून डॅशबोर्डवरूनच एका क्लिकसरशी नवी आवृत्ती घेता येऊ लागली. ३.७ (ऑक्टोबर २०१३) पासून सुरक्षेच्या किरकोळ आवृत्त्या आपोआप बसतात, तर ५.५ (ऑगस्ट २०२०) पासून प्लगइन व थीमनाही ती सोय मिळाली. विदागाराची रचना मागे नेणारी वाट मात्र प्रणालीत नाही. बदल फसल्यास बॅकअप हाच उपाय, आणि तो फायली व विदागार या दोन्हींचा हवा.

लिपी व विदागार : मराठी अनुदिनीकाराला आवृत्तीबदलाची खरी झळ इथे लागते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. जुन्या काळी अनेक सर्व्हरांवर विदागाराचे तक्ते ‘लॅटिन-१’ या संकेतनाचे असत. प्रणाली त्यांत यूटीएफ-८चे बाइट तसेच ठेवी व तसेच परत काढी, त्यामुळे पानावर मराठी स्वच्छ दिसे आणि कोणाला शंका येत नसे. २.२ (मे २००७) मध्ये कॉन्फिग फाइलीत अक्षरसंचाची ओळ आली. जुनी कॉन्फिग फाइल राखणाऱ्यांचे काही बिघडले नाही. नव्या नमुन्यावरून फाइल करणाऱ्यांना किंवा होस्ट बदलणाऱ्यांना एकेका अक्षराजागी तीन परकी चिन्हे दिसू लागली. मजकूर नष्ट झालेला नसतो. ती ओळ काढल्यास तात्पुरते भागते. कायमचा उपाय म्हणजे मजकुराचे स्तंभ आधी बायनरी प्रकारात व मग यूटीएफ-८ मध्ये नेणे. थेट यूटीएफ-८ मध्ये नेल्यास दुहेरी संकेतन होऊन गुंता वाढतो.

४.२ (एप्रिल २०१५) मध्ये विदागार चार बाइटच्या यूटीएफ-८ वर नेण्याची सोय झाली. तिचा गाजावाजा इमोजींसाठी झाला. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने अधिक मोलाची गोष्ट ही की, युनिकोडच्या ७.० आवृत्तीत (२०१४) दाखल झालेल्या मोडी लिपीची अक्षरेही प्रत्येकी चार बाइटचीच आहेत. ४.२ आधीच्या तक्त्यांत मोडी मजकूर पहिल्याच अक्षरापाशी तुटण्याचा संभव होता. हे रूपांतर आधीच यूटीएफ-८ असलेल्या तक्त्यांचेच होते. लॅटिन-१चे तक्ते प्रणाली वगळते, म्हणून जुन्या मराठी अनुदिन्यांतील घोळ कितीही आवृत्त्या बदलल्या तरी आपोआप सुटत नाही.

कायमदुवे : लेखाच्या दुव्यासाठी विदागारात २०० चिन्हांची जागा आहे. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिथे टक्केखुणांसह नऊ चिन्हांचे होते. काना, मात्रा, अनुस्वार व हलन्त वेगळे मोजले जातात. ‘सांस्कृतिक’ या एका शब्दाला ९० चिन्हे लागतात. परिणामी मराठी मथळ्याचा दुवा साधारण बावीस चिन्हांनंतर, कधी शब्दाच्या मध्येच, तुटतो. त्यामुळे काही जण दुवा हाताने रोमन लिपीत देतात. तो प्रकाशनापूर्वीच ठरवलेला बरा.

सुरक्षा : मार्च २००७ मध्ये २.१.१ आवृत्तीच्या उतरवून घ्यायच्या फायलींतच घुसखोराने फेरफार केल्याचे उघड झाले व तातडीने २.१.२ काढावी लागली. सप्टेंबर २००९ मध्ये जुन्या आवृत्त्यांवर चालणाऱ्या अनुदिन्यांत एक वर्म पसरला. सोडून दिलेले प्लगइन ही नेहमीची फट.

थीम : अनुदिनीचे रूप ठरवणाऱ्या थीमची सोय १.५ (फेब्रुवारी २००५) पासून आहे.

संपादक : ५.० (डिसेंबर २०१८) पासून ‘गुटेनबर्ग’ हा ठोकळ्यांचा संपादक आला. जुने लेख त्यात एकाच ‘क्लासिक’ ठोकळ्यात उघडतात. बदलाविषयी मतभेद झाले. जुना संपादक प्लगइनरूपाने उपलब्ध आहे.

संस्था : मुलेनवेगची ऑटोमॅटिक कंपनी (स्थापना २००५) व वर्डप्रेस फाउंडेशन (स्थापना २०१०). २०२४ मध्ये ऑटोमॅटिक व डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातील वाद न्यायालयात गेला.