पांदणीच्या दोन कडा

यवतमाळ जिल्ह्यातल्या कोणत्याही गावातून शेताकडे निघालात की आधी लागते ती पांदण. घाटावरचे लोक तिला पाणंद म्हणतात. मधे चाकोरी, दोन्ही बाजूंस उंच कडा आणि कडांवर बोर, हिवर, बाभळीची दाटी. ही वाट कोणी खोदली, असे विचाराल तर उत्तर जरा चमत्कारिक आहे. ती बैलगाडीच्या चाकांनी खोदली. काळी माती उन्हाळ्यात चाकाखाली भुकटी होते, मृगाचा पाऊस ती वाहून नेतो, आणि वाट वर्षावर्षाला खाली बसते. कडेची झाडेही बहुतेक कोणी लावलेली नाहीत. जनावरे आत शिरू नयेत म्हणून शेतकऱ्याने धुऱ्यावर काटे रचले; त्यांवर बुलबुल नि साळुंक्या बसल्या, त्यांच्या पोटातून बी पडले. पेरणी पाखरांची, बरे का!

या वाटांना खरा जोर आला तो कापसामुळे. 1853 साली निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला. पुढे 1861 ते 1865 पर्यंत अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला, आणि विलायतेतल्या गिरण्यांचे डोळे वऱ्हाडाकडे लागले. आपल्या जिल्ह्याचे नाव पूर्वी वणी होते. यवतमाळ हे नाव 1905 सालचे. मुंबई-नागपूर लोहमार्ग 1867 साली पुरा झाला खरा, परंतु तो बडनेरा-वर्ध्याकडून गेला. मूर्तिजापूरहून यवतमाळला येणारी छोटी गाडी पुष्कळ नंतर आली. तोवर इथला कापूस बैलांच्याच खांद्यावर होता.

त्याच सुमारास वऱ्हाडात जमिनीची मोजणी झाली. गुंठ्याची साखळी 33 फुटांची. आज गावनकाशातल्या गाडीमार्गाची रुंदी साडेसोळा ते साडेएकवीस फूट धरतात, म्हणजे निदान निम्मी साखळी. गाडीला स्वतःला लागते त्याहून ही जागा पुष्कळ जास्त. उरलेली पट्टी कोणाच्याच सातबारात नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होती. आषाढात बाया तिथे तरोट्याची भाजी खुडत, शेळ्या चरत, जाणता माणूस शतावरी शोधी. मग दोन्ही अंगांनी नांगर आत सरकला. पट्टी अरुंद झाली, पण पुरती गेली नाही.

आता मात्र ती जाण्याची वेळ आली आहे. शासनाने 2021 साली मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली. योजना वाईट नाही, हे आधीच सांगतो. कार्तिकाच्या अवकाळी पावसात सोयाबीनची गाडी आखापर्यंत रुतली म्हणजे काय होते, ते ज्याने पाहिले नाही त्यानेच पक्क्या पांदणीला नाके मुरडावीत. पण काम निघते ते उन्हाळ्यात, आणि यंत्र आले की दोन्ही कडा मुळासकट साफ करून जाते. त्याची गरज आहे काय? साडेसोळा फुटांत दहा फुटांचा मुरूम टाकला तरी साडेसहा फूट उरतात. दर किलोमीटरला हिशेब केलात तर ही जवळजवळ अर्धा एकर जमीन होते. त्यात नाली काढा, तरी काही राहतेच.

आणि त्या अर्ध्या एकरात राहते कोण? गवतात तितर आणि लावा, बोरीखाली मुंगूस, पावसाळ्यात कळलावीची लालपिवळी फुले. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत वेडा राघू याच मातीच्या कडांत बीळ कोरून अंडी घालतो, नेमका यंत्र चालते त्याच दिवसांत. तुरीच्या फुलांवर येणाऱ्या रानमाश्यांपैकी काहींची घरेही अशाच भोकांत असतात. इंग्लंडात 1930 नंतर फुलांची कुरणे सुमारे 97 टक्के नाहीशी झाली. आता तिकडचे लोक रस्त्याकडेचे गवत बी पडेपर्यंत कापू नका म्हणून आर्जवे करताहेत. आपल्याकडे अजून तेवढी पाळी आलेली नाही.

तेव्हा गवताला विळा लावायचा तो बी गळाल्यावर, दिवाळीनंतर. एका साली एक कड, दुसऱ्या साली दुसरी. चैत्रात काडी लावू नये. तणनाशक तर नकोच. 2017 साली फवारणीच्या विषाने याच जिल्ह्यात माणसे दगावली, ते आपण विसरलो नाही. गाजरगवत मात्र फुलावर येण्यापूर्वी उपटलेच पाहिजे. माती उकरली की ते आधी तिथेच शिरते, म्हणजे कडा खणण्याने आपणच त्याला वाट करून देतो.

गुरुजी, आपल्या गावाचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून मिळतो. वर्गातली मुले घेऊन एकदा टेपाने पांदण मोजा. जिथे बिळे आहेत, जुनी बोर-हिवर आहे, तिथे चुन्याची खूण करा आणि ती यादी ग्रामसभेत काम मंजूर होण्याआधी सरपंचांच्या हाती द्या. यंत्र पांदणीत उतरल्यावर चालकाशी घातलेली हुज्जत फुकट जाते.