अजिंठ्याची भिंत, आमची भिंत

हिवरा आश्रमच्या आमच्या मातीच्या भिंतीसाठी मी ऑइल पेंट आणला. आजी म्हणाली, “चुनाच लाव बाप्पा, भिंतीले श्वास घेऊ दे.” मला हसू आलं.

मग अजिंठ्याबद्दल वाचलं, आपल्या जिल्ह्याला लागूनच आहे. तिथंही गिलावा मातीचाच, त्यात भुसा. 5व्या शतकातले रंग म्हणजे गेरू, पिवळी माती, काजळी, चुना. निळा लाजवर्द तेवढा थेट अफगाणिस्तानचा! 1920च्या सुमारास निजाम सरकारने इटालियन तज्ज्ञ बोलावले. चित्रं टिकावीत म्हणून त्यांनी वरून लाखेचं वार्निश दिलं. तेच पुढे पिवळं पडलं, आकसलं, रंगाचे पापुद्रे सुटले.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, तरी ओल बाहेर जाऊ देतो. ऑइल पेंट ती आत कोंडतो.

डबा परत केला. चुन्यात नीळ आजीनंच कालवली.