ओटा आणि माळा

राजवंशांचा इतिहास ताम्रपटांवरून आणि नाण्यांवरून लिहिला जातो; संसाराचा इतिहास लिहावयाचा झाल्यास स्वयंपाकघरातील ओटा आणि माळा यांचीच साक्ष काढावी लागेल. वस्तू घरात असणे वेगळे आणि ती रोज वापरात असणे वेगळे. जी हाताला सोयीची ठरते ती ओट्यावर राहते; जी हौसेने, आहेरातून अथवा शेजाऱ्याकडे पाहून येते, ती वर्षभरात माळ्यावर चढते. बदलीच्या नोकरीत हा निवाडा दर तीन-चार वर्षांनी आपोआप होतो. जे उपकरण सर्वांत शेवटी बांधले जाते आणि नव्या गावी सर्वांत आधी सोडले जाते, ते खरे वापरातले. कोणती उपकरणे टिकली, कोणती गेली आणि का, हे समजण्यास तीन उदाहरणे पुरेशी आहेत.

पहिले इकमिक कुकर. कलकत्त्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक हे कायदा आणि वैद्यक या दोन्ही विद्यांत गती असलेले, चीनचे प्रवासवर्णन लिहिणारे बंगाली गृहस्थ. १९१० च्या सुमारास त्यांनी हे उपकरण सिद्ध केले. तळाशी कोळशाची शेगडी, वर पाण्याचे भांडे आणि त्यात एकावर एक रचलेले डबे, अशी त्याची साधी रचना. वाफेवर भात, डाळ व भाजी एकाच वेळी शिजे. निखारे आपोआप मंदावत असल्याने जवळ बसून राहण्याचे कारण नसे. माणूस काम आटोपून परते, तेव्हा ऊन अन्न तयार असे. प्रवासी आणि खाणावळीच्या अन्नाला विटलेले एकटे नोकरदार यांची त्याने मोठी सोय केली. महाराष्ट्रातही हा पितळी कुकर घरोघर ओळखीचा झाला. परंतु त्याचे सारे सामर्थ्य कोळशाच्या मंद धगीत होते. रॉकेलचे स्टोव्ह रुळले, १९५५ पासून मुंबईत सिलिंडरमधला गॅस मिळू लागला, आणि शेगडीबरोबर इकमिकही माळ्यावर गेला.

त्याची जागा घेणारा प्रेशर कुकर वस्तुतः त्याच्याहून फार जुना. देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाफेच्या दाबावर हाडे मऊ करणारे पात्र मांडले. वाफ कोंडून भांडे फुटू नये म्हणून त्याने वजन लावलेली झडपही योजली होती. १६८२ मध्ये या पात्रात शिजवलेल्या अन्नाची मेजवानी सोसायटीच्या सभासदांना मिळाली. परंतु विद्वानांनी वाखाणलेले हे पात्र सामान्यांच्या चुलीपर्यंत पोहोचण्यास अडीच शतकांहून अधिक काळ गेला. आपल्याकडे १९५९ मध्ये मुंबईत हॉकिन्स कंपनी स्थापन झाली, आणि त्याच सुमारास प्रेस्टिजचे कुकरही देशात बनू लागले.

भारतात या उपकरणाला जे प्रेम लाभले त्याचे कारण आपली डाळ होय. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांवर उकळते. कुकरमधील कोंडलेल्या वाफेत तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते, आणि तासभर रटरटणारी डाळ काही मिनिटांत शिजते. सपाटीवर ही केवळ सोय. डोंगरावर ती गरज ठरते. सुमारे २२०० मीटर उंचीवरील सिमल्यात पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळू लागते, तर ३५०० मीटरवरील लेहमध्ये ८८ अंशांवर. तेथे उघड्या पातेल्यातील तूरडाळ किती वेळ आधणात राहते, हे त्या बाजूला नेमणूक झालेल्या कुटुंबांना सांगावयास नको. पुढे तर कुकरची शिटी हे कालमापनाचे एककच झाले. घड्याळाकडे न पाहता 'तीन शिट्या झाल्या की बंद कर' असे सांगितले जाते, हा उपकरण पचनी पडल्याचा पुरावाच.

तिसरा मिक्सर. परदेशी मिक्सर फळांचे रस आणि मऊ पदार्थ यांसाठी घडविलेले; खोबरे, भिजवलेली डाळ, सुकी हळद यांचा भार त्यांना पेलत नसे. सत्यप्रकाश माथुर या मुंबईत सीमेन्स कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याच्या घरचा जर्मन बनावटीचा मिक्सर असाच जळाला. आपल्या वाटणाला झेपेल अशी मोटर आपणच घडवावी, या जिद्दीतून १९६३ च्या सुमारास त्यांचा उद्योग उभा राहिला आणि 'सुमीत' हे नाव घरोघरी गेले. इकडे पाटा-वरवंटा भिंतीला टेकला. जात्याला तर पिठाच्या गिरणीने त्यापूर्वीच रजा दिली होती.

जाते गेले त्याबरोबर पहाटेची ओवीही गेली. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या पुढाकाराने खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, म्हणून ते धन वाचले. तथापि जात्याची हळहळ वाटणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की त्या ओव्यांत माहेरच्या आठवणींबरोबर दळणाऱ्या हातांचे कष्टही आहेत. ते कष्ट परत यावेत असे कोणतीही स्त्री म्हणणार नाही.

यंत्रांनी कष्ट कमी केले. परंतु काम कोणी करावयाचे, हा प्रश्न त्यांनी सोडविला काय? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार विदुषीने १९८३ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की घरात यंत्रे आली तरी गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेइतके घटले नाहीत. पूर्वी जी कामे घरातील पुरुष व मुले वाटून घेत, तीही तिच्याच वाट्याला आली. आपल्या तीन उपकरणांत इकमिकचे वेगळेपण येथेच दिसते. त्याचे डबे रचणारे हात पुष्कळदा एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे होते. ते माळ्यावर गेले, आणि घरात कुकर व मिक्सर आले ते गृहिणीच्या स्वाधीन होण्यासाठी. कुटुंब मागे ठेवून दूरच्या गावी रुजू होणारा आजचा कर्मचारी पुन्हा कुकर लावावयास शिकतो, तेव्हा मल्लिकांच्या काळचा तो पुरुष पुन्हा ओट्यापाशी येतो. घरी परतल्यावरही तो तेथेच उभा राहील काय, यावर या इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून आहे.