मारिकुप्पमची माणसे

श्रीरंगपट्टणच्या पाडावानंतर म्हैसूरच्या नव्या सरहद्दीची मोजणी करण्याच्या कामगिरीवर नेमलेला लेफ्टनंट जॉन वॉरन १८०२ मध्ये कोलार परगण्यात हिंडत असता, येथील मातीत सोने आहे अशी लोकवार्ता त्याच्या कानी आली. आणि ते दाखवील त्यास इनाम देण्याचे त्याने जाहीर करताच खेडुतांनी गाड्या भरून माती आणली, त्याच्या देखत धुतली व तळाशी उरलेले सुवर्णकण त्याच्यापुढे ठेवले. मारिकुप्पम येथे तर माणसे खाणीत उतरून दगड फोडीत, तो टोपल्यांतून हातोहात वर येई, आणि बायका तो कुटून त्याचा भुगा पाण्याने धूत. कोलारच्या सोन्याच्या शोधाचे श्रेय इंग्रजांच्या नावे मांडले जाते, ते मला याच कारणास्तव मान्य होत नाही.

वॉरनचा वृत्तांत सुमारे सात दशकांनी बंगलोरच्या छावणीत राहणाऱ्या मायकेल लॅव्हेल या आयरिश शिपायाच्या वाचनात आला. न्यूझीलंडच्या युद्धातून परतलेल्या या गृहस्थाने सरकारकडे अर्जविनंत्या करून १८७५ मध्ये खाणकामाचा परवाना मिळविला खरा, परंतु पदरी भांडवल नसल्याने आपला हक्क त्याला लवकरच विकावा लागला. पुढे लंडनच्या बाजारात कोलारच्या सोन्यावर कंपन्यांचे पेव फुटले. बराच पैसा जमिनीत गडप होऊन भागधारकांचा धीर सुटत आला असता, जॉन टेलर आणि सन्स या पेढीच्या देखरेखीखाली चाललेल्या खोदकामात चँपियन रीफचा समृद्ध थर लागला, आणि ओसाड माळावर बंगले, क्लब, इस्पितळ व गोल्फचे मैदान असलेले नगर उभे राहिले.

खाणींच्या गरजेपोटी शिवसमुद्रच्या धबधब्यावर वीज निर्माण करण्याची योजना दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत हाती घेण्यात आली, आणि १९०२ मध्ये ती वीज तारांवरून ९२ मैलांचे अंतर तोडून कोलारच्या यंत्रांपर्यंत पोहोचली. प्रत्यक्ष बंगलोर शहराच्या रस्त्यांवर विजेचे दिवे लागण्यास मात्र १९०५ साल उजाडावे लागले.

या वैभवाचा भार ज्यांनी वाहिला, ते बहुतांशी उत्तर अर्काट व आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले, पुष्कळसे दलित जातींतील तमिळ मजूर होते. गावी जमीन नव्हती, पोटास अन्न नव्हते, जातीचा जाच होता. येथे निदान रोख मजुरी मिळे, म्हणून ते तट्ट्यांच्या झोपड्यांत दाटीवाटीने राहिले आणि जेथे खडकाचीच धग अंगास भाजते व प्रचंड दाबाखालील कातळ पूर्वसूचनेवाचून फुटून माणसे गाडतो, अशा खोलीवर उतरत राहिले. चँपियन रीफची खाण अखेरीस तीन किलोमीटरांहून खोल गेली. १९३० मध्ये बोटांचे ठसे देण्याची सक्ती होताच याच मजुरांनी संप पुकारला. आपणांस गुन्हेगारांप्रमाणे वागविले जाऊ नये, ही त्यांची मागणी सर्वथैव न्याय्य होती.

१९५६ मध्ये म्हैसूर सरकारने खाणी ताब्यात घेतल्या, पुढे त्या केंद्राकडे गेल्या. सुमारे ८०० टन सोने देऊन झाल्यावर, उत्पन्नापेक्षा खर्च फार होतो या कारणाने २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्यांना टाळे लागले. सायनाइडने सोने काढून घेतलेल्या मातीचे ढीग वस्तीलगत तसेच राहिले, आणि खाणकामगारांच्या कुटुंबांतील असंख्य माणसे आता पहाटेच्या आगगाडीने बंगलोरला रोजगारासाठी जातात.