घरातला स्टुडिओ, कामावरचे सोबती आणि थट्टेची गाणी : जलशांचा विसरलेला वारसा

१/१० ऑफिसातील चार सहकारी सुट्टीच्या दिवशी एका घरात जमतात, लॅपटॉपला मायक्रोफोन जोडतात आणि साहेब, पगार व लोकलची गर्दी यांवर विनोदी गाणे ध्वनिमुद्रित करतात. ‘इंडी रॉक’चा हा प्रकार पाश्चात्त्य समजला जातो. मात्र कामावरच्या सोबत्यांनी घरीच रचलेले थट्टेचे गाणे महाराष्ट्राला नवे नाही.

२/१० या प्रकारातील पाश्चात्त्य टप्पा ठरला १९७९ हे वर्ष. टास्कॅम कंपनीचे ‘पोर्टास्टुडिओ’ हे यंत्र त्या वर्षी बाजारात आले आणि साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ध्वनिपट्ट्या घरबसल्या मुद्रित करणे शक्य झाले. ‘विअर्ड अल’ यान्कोविक या विद्यार्थ्याने त्याच वर्षी गाजलेल्या रॉकगीताचे विडंबन चक्क एका स्वच्छतागृहात ध्वनिमुद्रित केले.

३/१० आता मागे, १९३०च्या दशकातील मुंबईत जाऊ. नाशिक आणि नगर जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली माणसे गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबत होती. अनेकांचा मुक्काम बीडीडी चाळींत असे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून अशा २०७ इमारती होत्या. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची आणि तीत माणसे दाटीवाटीने राहत.

४/१० पाळी संपवून आलेले कामगार रात्री चाळीतच तालीम करीत. ढोलकी, तुणतुणे, झांज एवढेच साहित्य. यातूनच आंबेडकरी जलसे उभे राहिले. निफाड तालुक्यातील कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक हे त्यांचे एक अग्रणी.

५/१० जलशाचा साचा तमाशाचा होता. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक परंपरेने तो आधीच प्रबोधनासाठी वापरला होता. आंबेडकरी जलशाने त्यातील शृंगारिक लावणी वगळली, सोंगाड्याचा विनोद मात्र राखला. सावकार, भटजी आणि गावचा पाटील हे त्या विनोदाचे विषय होते.

६/१० ही थट्टा निरुपद्रवी नव्हती. महार वतनाच्या नावाखाली राबवून घेणाऱ्या गावात जाऊन त्या वतनावर हसणे म्हणजे गावगाड्याच्या सत्तेवरच हसणे होते. राहात्याच्या शेजारी, श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे डिसेंबर १९३९ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार वतनदारांची परिषद भरली. जलशातील विनोद याच प्रश्नाभोवती फिरत असे.

७/१० राहात्याहून शिर्डीमार्गे पश्चिमेला गेले की सिन्नर तालुका लागतो. तेथील देशवंडीत १५ ऑगस्ट १९२२ रोजी वामनदादा कर्डक जन्मले. मुंबईत कामगार म्हणून राबताना, मोठ्या वयात ते अक्षरे शिकले. दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी सराव केला. १९४३ साली त्यांनी लिहिलेले पहिले गीत हे एका हिंदी गाण्याचे विडंबन होते.

८/१० हा प्रारंभ लक्षणीय आहे. ज्याच्याकडे वाद्यवृंद नाही, संगीतकार नाही, त्याला लोकांच्या ओठावरची चाल आयती मिळते. बदलायचे ते फक्त शब्द. श्रोता चाल ओळखून हसतो आणि हसता हसता नवे शब्द ऐकतो. विडंबन हे साधनहीनांचे पहिले वाद्य ठरते. पुढे याच वामनदादांनी हजारो गीते रचली.

९/१० फरक उरतो तो ध्वनिमुद्रणाचा. भीमरावांनी जलशांचे स्वरूप व कार्य पुस्तकरूपाने नोंदवून ठेवले, म्हणून आज त्यांविषयी काही सांगता येते. परंतु सोंगाड्याने कोणत्या शब्दावर थांबून हशा मिळवला, ढोलकी कोठे उठली, हे कागदावर उतरत नाही. ज्या जलशांची नोंदच झाली नाही, त्यांची नावेही त्या पिढीबरोबर गेली.

१०/१० म्हणून घरात मुद्रित केलेले गमतीचे गाणे इतिहासाच्या दृष्टीने क्षुल्लक नसते. कामकरी माणूस कशावर हसत होता, याचा तो आवाजासह पुरावा असतो. शासकीय दफ्तरात माणसाच्या तक्रारी सापडतात, त्याचे हसणे सापडत नाही. घरातील जुन्या कॅसेटमध्ये एखाद्या जलशाचा वा भजनी मंडळाचा आवाज असेल, तर ती भंगारात देण्यापूर्वी एकदा ऐकावी आणि तीत कोण गात आहे, ते लिहून ठेवावे.